खाणारी तोंडं की कमावणारे हात? सुप्याच्या दंग्यापासून आजच्या दिवाळखोरीपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. मधले अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात टपरीवरून करतो. मी मांजरी बुद्रुकचा. आमच्या स्टेशनजवळ एक चहाची टपरी आहे, तिथे महिन्यातून दोन-तीनदा आम्ही शाळेतले मित्र बसतो. मागच्या वेळी त्यातला एक जण फारच गप्प होता. नाव सांगत नाही. वय एकोणतीस, बाइकवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. सगळे गेल्यावर त्याने फोन पुढे केला. बाइकचं कर्ज, क्रेडिट कार्ड, दोन ॲपची कर्जं. सगळं मिळून पावणेचार लाख. एका ॲपचे हप्ते भरायला दुसऱ्या ॲपवरून घेतलेले.

मला म्हणाला, "अरे, तू इतिहासाचं बोलत असतोस ना, एक सांग. मी दिवाळखोर म्हणून अर्ज करू शकतो का? नेटवर वाचलं, वर्षाला साठ हजारांच्या आत उत्पन्न लागतं. माझं जास्त आहे. आणि ते नेमकं कुणाचं उत्पन्न? माझं एकट्याचं, का घराचं? बायकोचा पगार धरतात? आईची पेन्शन?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन शोधायला बसलो आणि आजचा कायदा वाचता वाचता मागे मागे जात थेट १८७५ सालात पोचलो. कारण "कर्ज फिटत नाही, आता माझ्या घराकडे बघून मला सोडवा" हा प्रश्न या देशात सगळ्यात मोठ्या आवाजात विचारला गेला तो आपल्याच जिल्ह्यात. मांजरीतून सोलापूर रोडने निघायचं, चौफुल्याला उजवीकडे वळायचं, की पुढे सुपे लागतं. तिथे.

१२ मे १८७५, सुपे

बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी आले होते. त्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं घेरली आणि मागितलं काय, तर कागद. कर्जरोखे, खातेवह्या, हुकूमनामे. मिळाले ते रस्त्यावर आणून जाळले. काही ठिकाणी दुकानं-घरंही जळली. पण सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा सगळा राग कागदावर होता, हे तेव्हाच्या सरकारी अहवालातसुद्धा नोंदलेलं आहे. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरला. ९५१ लोकांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाली. इंग्रजीत याला 'डेक्कन रायट्स' म्हणतात.

कागदावर एवढा राग का? थोडक्यात सांगतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडले. तेवढ्यात सरकारने शेतसारा वाढवला. आता सावकार नवं कर्ज देईना आणि जुनं सोडेना. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं होतं. हेतू चांगला होता, पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहायचा, खाली शेतकऱ्याचा अंगठा. लिहिलंय काय ते त्याला वाचता येत नाही. कोर्टात मात्र तोच कागद बोलायचा.

माझ्या मित्राने ॲपवर 'आय ॲग्री' दाबलं होतं. किती पानं होती विचारलं तर हसला. अंगठा तोच आहे मंडळी, फक्त शाई गेली.

१८७९: कायदा घरात डोकावतो

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी एक कायदा आला: दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. त्या काळाच्या मानाने तो भलताच धीट होता. न्यायाधीशाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही. खास गहाण ठेवलेली नसेल तर त्याची जमीन लिलावात काढायची नाही. आणि ५० रुपये किंवा जास्त कर्ज असलेला शेतकरी स्वतःहून कोर्टात जाऊन 'मला नादार जाहीर करा' असा अर्ज करू शकत होता. नादार म्हणजेच दिवाळखोर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे या कायद्याखाली स्पेशल जज म्हणून कामही केलं.

मला यातली एक तरतूद फार महत्त्वाची वाटली. कर्ज वसूल करण्यासाठी कलेक्टरने शेतकऱ्याची जमीन जास्तीत जास्त सात वर्षं ताब्यात घ्यायची सोय होती. पण कोणती जमीन? शेतकऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरातल्या माणसांच्या पोटाला लागते, ती सोडून उरलेली. म्हणजे आधी घरात खाणारी तोंडं किती ते मोजा, त्यांच्यापुरतं बाजूला काढा, मग सावकाराचं बघा. घर इथे कायद्यात येतं ते गरज म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता खोच अशी की हे सगळं फक्त 'शेतकऱ्या'ला. मग शेतकरी कोण? कायद्याने व्याख्या केली: जो स्वतः, नोकरांकरवी किंवा कुळांकरवी पूर्णपणे किंवा मुख्यतः शेतीवर पोट भरतो, नाहीतर जो नेहमी स्वतः शेतात राबतो, तो. 'मुख्यतः' हा एक शब्द बघा. पैसे किती मिळतात हे कायदा विचारत नव्हता. पैसे कुठून येतात, हे विचारत होता. एखाद्याचं घर थोडं शेतीवर आणि थोडं दुकानावर चालत असेल, तर कोर्टात तराजू लागायचा: इकडचे जास्त की तिकडचे?

यातून गमती झाल्या. स्वतः पुण्यात बसून कुळांकडून खंड घेणारा जमीनदार व्याख्येत बसायचा. गावातला कुंभार किंवा विणकर, शेतात राबत नसेल तर, तेवढाच कर्जबाजारी असून बाहेर. एक समजूतदार खुलासाही होता: म्हातारपणामुळे, आजारपणामुळे किंवा पलटणीत गेल्यामुळे शेती सुटली, तरी माणूस शेतकरीच धरायचा.

मांजरीचा एक शेतकरी

इथे आपल्या गावाची गोष्ट आलीच पाहिजे. महात्मा जोतीराव फुल्यांची शेती मांजरीला होती, साधारण ६० एकर. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी लिहिला तो १८८१ ते ८३ या काळात, म्हणजे हा कायदा नुकताच आला होता तेव्हा. सावकार, कोर्ट, कारकून यांच्या जात्यात भरडला जाणारा शेतकरी त्यांनी बाहेरून बघून रंगवला नव्हता, त्यांची स्वतःची जमीन होती.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे शिक्षणाबद्दल त्यांनी निवेदन दिलं, त्यात स्वतःची ओळख तीन शब्दांत करून दिली: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सदस्य. या कायद्याशी त्यांचा वैयक्तिक काही संबंध आला, असं मला म्हणायचं नाही. मी फक्त ती ओळख त्या व्याख्येशेजारी ठेवून बघतो. व्यापारीही आणि शेतकरीही. मग 'मुख्यतः' काय? सरकारला एक उत्तर हवं असतं आणि माणसाच्या घरात तीन उत्तरं एकत्र नांदत असतात. शहराला लागून असलेल्या गावात तर हमखास. मांजरी तेव्हाही पुण्याच्या वेशीवर होती. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेतच गेलं.

डॉ. मान आणि १०३ घरं

पुण्याच्या शेती कॉलेजात हॅरॉल्ड मान नावाचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनी पुण्याजवळचं एक गाव निवडून घर न् घर पिंजून काढलं आणि १९१७ साली अहवाल छापला. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर! हो, तेच. आज जिथे टॉवरच टॉवर आहेत.

मान यांनी १०३ कुटुंबांचे तीन गट केले. नुसत्या शेतीवर नीट निभावणारी कुटुंबं निघाली ८. शेतीला बाहेरची कमाई जोडून निभावणारी २८. आणि काहीही केलं तरी न निभावणारी ६७. शेकडा ६५ घरं खड्ड्यात.

माझं लक्ष मधल्या २८ घरांवर खिळलं. ही घरं शेतीने तगलेली नव्हती, बाहेर कामाला जाणाऱ्या माणसांच्या पगाराने तगली होती. घरात कमावणारे हात एकापेक्षा जास्त आणि वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणून घर उभं. पुण्याच्या आसपासचं कुठलंही गाव घ्या, आजही हेच चित्र आहे. आणि पुढचा कायदा येतो तो नेमका याच घरांची परीक्षा घ्यायला.

१९४७: आता हात मोजतात

मुंबई सरकारने आधी १९३९ मध्ये आणि मग सुधारून १९४७ मध्ये शेतकरी कर्जदारांसाठी नवा कायदा आणला. वकील मंडळी त्याला बीएडीआर म्हणतात. कोर्टाने कर्जाचा हिशोब लावायचा, ते कमी करायचं आणि परवडेल असे हप्ते पाडून द्यायचे, अशी कल्पना. दारावर मात्र आता आकडा लिहिलेला होता. शेती आणि अंगमेहनत सोडून इतर मार्गांनी येणारं वर्षाचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३३ टक्क्यांच्या आत हवं, किंवा ५०० रुपयांच्या आत. दोन्हींतली जास्त असेल ती मर्यादा धरायची. आणि कर्जदार म्हणून एकटा माणूस येऊ शकत होता, तसंच एकत्र हिंदू कुटुंबही.

एक काल्पनिक घर घेऊ. बापाची शेती वर्षाला १,२०० रुपये देते. मुलगा पुण्यात कारकून, वर्षाला ७०० आणतो. एकूण १,९००. त्याचे ३३ टक्के म्हणजे ६२७. मुलाचे ७०० त्याच्या वर. एकत्र कुटुंब म्हणून हिशोब केला, की घर बाद! आता तोच मुलगा कारकून नसून हमाल असता तर? अंगमेहनतीची कमाई 'इतर'मध्ये धरतच नव्हते. घर आत! आणि मुलगा वाटण्या करून वेगळा झाला असता तर? बापाचं एकट्याचं उत्पन्न सगळं शेतीचं. पुन्हा आत!

म्हणजे पोराला शाळेत घातलं, त्याने लेखणी धरली, पगार घरात दिला आणि सगळे एका चुलीवर जेवले, तर तेच घर दाराबाहेर. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्याच्याकडे दुसरी कमाई आहे, त्याने शेतकऱ्याची सवलत लाटू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण १८७९ मध्ये घर आलं होतं ते खाणारी तोंडं म्हणून. १९४७ मध्ये तेच घर आलं कमावणारे हात म्हणून. तोंडं मोजली की घर कर्जदाराच्या बाजूने उभं राहतं. हात मोजले की त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. मला विचाराल तर या दीडशे वर्षांचं सार एवढंच आहे.

हा घोळ नंतरही संपला नाही. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत सुरुवातीला दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला मिळून होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. २०१९ च्या कर्जमाफीत रक्कम दोन लाख झाली आणि निकष वैयक्तिक शेतकरी हा ठरला. दोन वर्षांत घर आत आलं आणि बाहेरही गेलं.

तिकडे अमेरिकेत २००५ साली दिवाळखोरीचा कायदा बदलला. तिथे तुमच्या घराच्या उत्पन्नाची तुलना तुमच्याच राज्यातल्या, तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मधल्या उत्पन्नाशी करतात. खाली असलात तर मालमत्ता देऊन लवकर सुटायचा रस्ता सोपा. वर असलात तर खर्चाचे आणखी हिशोब द्या, नाहीतर तीन ते पाच वर्षं हप्ते भरा. म्हणजे हातही मोजतात आणि तोंडंही. ते फार दयाळू आहेत असं नाही, पण चार जणांचं घर आणि एकट्याचं घर यांना एकच आकडा लावत नाहीत.

मग आज मित्राला काय सांगायचं?

त्याने वाचलेले साठ हजार खरे आहेत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत 'फ्रेश स्टार्ट' नावाची सोय लिहिली आहे, छोट्या कर्जदाराची पाटी कोरी करायची. अटी अशा: वर्षाचं एकूण उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफ व्हायचं कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःच्या मालकीचं घर नको. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. मांजरीत एक खोली भाड्याने घेऊन दाखवा त्यात! हे उत्पन्न कर्जदाराचं एकट्याचं धरायचं आहे, घराचं नाही. पण त्याच्या जिवावर किती जण जेवतात, हेही विचारलेलं नाही. एकटा असो की सहा जणांचा पोशिंदा, आकडा तोच.

आणि खरी गोम पुढे आहे. संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो सुरू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींसाठी. माझ्या मित्रासारख्यांसाठी पुण्यात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा. शंभरी ओलांडलेले कायदे, मंडळी.

त्या १९२० च्या कायद्यात उत्पन्नाची कमाल मर्यादा नाहीच. स्वतः अर्ज करायचा तर कर्ज फेडता येत नाही हे दाखवायचं आणि कर्ज किमान ५०० रुपये हवं. तेव्हाचे पाचशे आजही पाचशेच. बायकोचा पगार हा तिचा पगार. नवऱ्याने एकट्याने काढलेल्या कर्जासाठी तो मोजत नाहीत, आईची पेन्शनही नाही. पण सुटका स्वस्तात नाही. तुमची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. मालमत्तेतून रुपयाला ५० पैसेही निघत नसतील, तर यात माझा दोष नव्हता हे कोर्टाला पटवावं लागतं. आणि पूर्ण मोकळीक मिळेपर्यंत, मी नादार आहे हे न सांगता ५० रुपयांचं जरी उधार घेतलं, तरी तो गुन्हा आहे. टपरीवरचं खातं जरा सांभाळून!

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो जरा सैलावला. "म्हणजे बायकोला काही होत नाही ना?" मी म्हणालो, "कागद आण."

पुढच्या रविवारी कागद आले. ॲपच्या कर्जांत त्याचं एकट्याचं नाव होतं. कार्डही त्याचंच. बाइकच्या कर्जाच्या शेवटच्या पानावर मात्र सहकर्जदार म्हणून बायकोची सही होती. तिला आठवतही नव्हतं. शोरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "वहिनी, इथे एक सही करा, फॉर्मॅलिटी आहे."

मी दोन आठवडे शोधत होतो, की कायदा घराचं उत्पन्न मोजतो का. उत्तर त्या पानावर निघालं. आजचा जुना कायदा तोंडंही मोजत नाही आणि हातही मोजत नाही. घर कर्जात शिरतं ते सहीतून. नवरा उद्या नादार जाहीर झाला, तरी त्या बाइकचे हप्ते बायकोच्या पगाराकडे बघणारच.

आता ते दोघं मिळून बसलेत. आधी बाइकचा हप्ता, कारण त्यात दोघांची मान अडकलीय आणि बाइक गेली तर काम गेलं. बाकीच्यांशी लेखी तडजोडीची बोलणी चालू आहेत. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, तेही त्याने पाठ केलंय. वकिलाची फी परवडत नाही म्हणून ते पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. अर्ज बायकोच्या नावाने केला. कारण तिथे मोफत मदतीसाठी पुरुषाला उत्पन्नाची अट लागू शकते, बाईला नाही. बघा, एक दार तरी असं निघालं जिथे तिचा पगार कुणी विचारला नाही.

एक विनंती करून थांबतो. मी वकील नाही, हा इतिहासाचा भाग आहे. तुमच्यावर वेळ आली तर माहितगार माणसाला कागद दाखवा. पण त्याआधी, आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला एक विचारा: "तुझी सही कुठे कुठे आहे?" सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला येतात. निदान वाचून तरी ठेवू.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.